खाऊरानासाठी दुपारच्या चोऱ्या

सातवीपर्यंत निकिता हजेरीच्या वेळी 'हजर' इतकं हळू म्हणायची, की बाई तिची गैरहजेरी मांडून पुढच्या नावाला लागायच्या. पोरगी पहिल्या बाकावर आणि कागदोपत्री मात्र घरी! मग आठवीत, वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी, तृप्तीचा घसा बसला. तृप्ती म्हणजे निकिताची जिवाभावाची मैत्रीण आणि वर्गाची हक्काची बोलणारी. आता आयत्या वेळी उभं कोणाला करायचं? तृप्तीनं खाणाखुणा करत निकितालाच स्टेजवर ढकललं. निकितानं तोंड उघडलं, आणि जो आवाज निघाला तो ऐकून सगळ्यात आधी तीच दचकली. खणखणीत! वेळ संपल्याची घंटा वाजली, पुन्हा वाजली, शेवटी शिपाईमामा घंटा घेऊन थेट तिच्या नाकासमोर येऊन वाजवायला लागले, तरी ही थांबायला तयार नाही.

तेव्हापासून तिचा आवाज सुटला तो सुटलाच. रिक्षावाल्याशी वाद, दूधवाल्याला सल्ला, केबलवाल्याला तंबी. तिचे पप्पा अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी झोपायचे, ते कानात कापसाचे बोळे घालून झोपायला लागले. "आधी बोलत नव्हती म्हणून मी नवस बोललेली," आई म्हणायची, "आता उलटा नवस कुठं बोलतात ते विचारायला पाहिजे."

तर अशा या निकितानं जूनच्या शेवटी कॉलनीच्या मीटिंगमध्ये तोंड उघडलं, आणि तिथून हे सगळं रामायण सुरू झालं.

कॉलनी सिडकोतली. चार ओळी रो-हाउसच्या, आणि मागे महापालिकेची मोकळी जागा. तिथं मधोमध 'येथे कचरा टाकू नये' अशी पाटी होती, आणि पाटी लांबून दिसत असल्यामुळे सगळे नेमके तिच्याच पायाशी कचरा टाकायचे. ही जागा कॉलनीनं सांभाळावी, असं महापालिकेकडून कळलं होतं. रहिवासी मंडळाचे अध्यक्ष रंगनाथकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. पण त्यांची भाषा काही निवृत्त झाली नव्हती.

"सदर जागेवर पत्र्याचं शेड प्रस्तावित आहे," ते म्हणाले. "खाली फरशी, वर पत्रे. बारशी, साखरपुडे, हळदीकुंकू. कोणाला काही म्हणायचं आहे का? नसेलच."

"मला म्हणायचंय!" निकिता उभी राहिली. "काका, तिथं आपण रान करू या. खायचं रान! शेवगा, पेरू, कढीपत्ता, अंजीर, केळी, वेलांवर गिलके-दोडके, खाली हळद-आलं-अळू. एकदा लावायचं आणि मग ज्याला पाहिजे त्यानं तोडून न्यायचं. खाऊरान! रोपं विकत आणायची नाहीत. प्रत्येक घरातून एक फांदी, एक मूठ बियाणं. सगळं मी गोळा करते!"

शेवटचं वाक्य तिच्या तोंडातून कसं गेलं ते तिलाही कळलं नाही. बायका हसायला लागल्या, पण हसता हसता 'शेवगा' आणि 'कढीपत्ता' या शब्दांवर दोन-तीन माना हललेल्या रंगनाथकाकांनी बघितल्या.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पंधरा ऑगस्टला झेंडावंदन त्याच जागेवर घेऊ. त्या दिवशी तिथं हिरवं काही जिवंत उभं दिसलं, तर शेड रद्द. नाही दिसलं, तर दुसऱ्या दिवशी खांबांचे खड्डे. आणि तू झेंड्याखाली उभं राहून सगळ्यांसमोर म्हणायचं, 'मी उगाच बोलले.' मंजूर?"

"मंजूर!" निकिता म्हणाली.

घरी आल्यावर मात्र ती विचारात पडली. शेड झालं तर झालं. पण 'मी उगाच बोलले'? इतक्या वर्षांनी सापडलेला आवाज, आणि त्यानंच हे म्हणायचं? एकदा ते म्हटलं की आपण पुन्हा पहिल्या बाकावर बसून गैरहजर होणार, हे तिला अगदी स्पष्ट दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून ती आणि तृप्ती पिशव्या घेऊन दारोदार. सुरुवात तर झकास झाली. सुलाकाकूंनी त्यांच्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी फुटलेली पिल्लं काढून दिली आणि सोबत अर्धा तास सूचना. लताबाईंनी तोंडलीच्या वेलाचे तुकडे दिले. कोणी केळीचा कंद, कोणी पुदिना. निकिताच्या आईनं गवती चहाचा ठोंब दिला. पोरींनी कचरा उपसला, वाफे केले आणि एका रविवारी सगळं लावूनसुद्धा टाकलं.

फक्त एका घरातून काही आलं नाही. आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं.

कोपऱ्यातल्या घरात लंकाबाई राहायच्या, एकट्या, मूळच्या सटाण्याकडच्या. त्यांच्या अंगणातला शेवगा कॉलनीत कुठूनही दिसायचा. शेंगा अशा की एका शेंगेत चार माणसांची आमटी. शेवग्याची जाड फांदी जमिनीत खोचली की झरझर वर जाते हे निकिताला माहीत होतं. पंधरा ऑगस्टला झेंड्याशेजारी उभं राहील असं काही पाहिजे असेल तर ते हेच.

"कोनी पोर शे तू?" लंकाबाईंनी दारातच विचारलं. रागानं नाही, पण त्यांचं साधं बोलणंही रागावल्यासारखंच यायचं.

"सविताताईंची, मावशी. टेलरिंगवाल्या. तुमच्या शेवग्याची एक फांदी पाहिजे होती, रानासाठी."

"नही. देणार नही."

"एकच मावशी! छोटीशी!"

"मना हातनी देणार नही म्हंतलं ना." मग त्या जरा थांबल्या, निकिताकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "मी दुपारले जेवन करी झोपस. भलती गाढ झोपस. ढोल वाजाडा तरी उठस नही."

"बरं," निकिता म्हणाली. "मग मी संध्याकाळी येऊ का?"

लंकाबाईंनी कपाळावर हात मारून दार लावून घेतलं.

निकिता संध्याकाळी गेली. उत्तर तेच. "नही. आन फाटकनी कडी मोडेल शे, कालदिनपाईन." म्हणजे कालपासून फाटकाची कडी मोडलीय. निकिता म्हणाली, "पप्पांना सांगू का? ते लगेच बसवून देतील." लंकाबाई आत जाऊन नुसत्याच भांडी आपटायला लागल्या. तिसऱ्यांदा गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "मना कोयता मोरीमांगे ऱ्हास. कोन्हीबी उचली लई जाई, इतला उघडा." निकितानं त्यांना बजावलं, "मावशी, कोयता असा उघड्यावर ठेवू नये हं, धोका असतो!" लंकाबाईंनी आकाशाकडे बघून देवाला अहिराणीत काहीतरी विचारलं.

"खडूस बाई," तृप्ती म्हणाली. निकितालाही ते पटलं.

पण खरी गंमत, म्हणजे तेव्हा अजिबात न वाटलेली गंमत, पुढेच होती. रोपं लावून दोन दिवस झाले नाहीत तोच सुलाकाकू बादली घेऊन हजर. "माझ्या कढीपत्त्याला जरा पाणी घालते." त्यांची पाठ वळते न वळते तोच लताबाई तपेलं घेऊन. "तुमचा कढीपत्ता माझ्या तोंडलीवर सावली करतोय हं सुलाबाई." कढीपत्ता तेव्हा बोटाएवढा होता! मग त्यांना बघून केळीवाल्या, केळीवाल्यांना बघून पुदिन्यावाल्या. सकाळी पाणी, दुपारी तांदळाचं धुवण, संध्याकाळी चहाचा चोथा. एकीनं आंबट ताक घातलं, का तर माहेरी घालतात. वर पाऊस होताच. वाफ्यांत बेडूक राहायला आले.

आणि एवढ्यावर थांबतील तर त्या कॉलनीच्या बायका कसल्या! सुलाकाकू रोज कढीपत्त्याचं पिल्लू अलगद उपटायच्या, खालून बघायच्या आणि परत खोचायच्या.

"काकू, अहो उपटू नका ना!"

"उपटत कुठंय? मूळ धरलं का बघतेय नुसतं. माझं आहे म्हणून काळजी, दुसरं काय?"

पंधरा-वीस दिवसांत सगळं कुजलं. कढीपत्ता काळा पडला, तोंडलीचे तुकडे बुळबुळीत झाले, केळीच्या कंदाला असा वास यायला लागला की कचऱ्याची आठवण यावी. गवती चहाची तेवढी चार पाती तग धरून होती, कारण आईला शिवणातून तिकडे फिरकायला वेळच झाला नव्हता.

"मी म्हटलंच होतं," लताबाई नळावर म्हणाल्या. "मागून आणलेलं रोप लागत नाही."

"कधीच लागत नाही," सुलाकाकूंनी मान डोलावली. महिन्याभरात त्या दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. त्यानंतर कोणाच्याही दारात गेलं की एकच उत्तर, "नको गं बाई. मागून दिलेलं जगत नाही, वर आमचंही झाड रुसायचं."

रंगनाथकाका छत्री घेऊन जागेवर आले, काठीनं चिखल ढवळला आणि म्हणाले, "सदर प्रयोग फसलेला दिसतोय." दुसऱ्या दिवशी पत्रेवाला टेप घेऊन आला आणि खांब जिथं येणार तिथं त्यानं चुन्याच्या फुल्या मारल्या.

निकिता घरी येऊन शिलाई मशीनशेजारी जमिनीवर बसली. बोलेना. आईनं दोन ब्लाउजांच्या बाह्या जोडल्या तरी बोलेना. आईला ती शांतता सोसेना. नवस-बिवस सगळं विसरून ती म्हणाली, "बोल की गं काहीतरी. घर कसं मेल्यासारखं वाटतंय."

"काय बोलू? सगळं कुजलं. आणि ती लंकामावशी एक फांदी द्यायला तयार नाही. उलट काहीतरी भलतंच सांगत बसते."

"काय सांगते?"

निकितानं उभं राहून नक्कल केली. कमरेवर हात, भुवया वर. "मी दुपारले भलती गाढ झोपस! फाटकनी कडी मोडेल शे! कोयता मोरीमांगे ऱ्हास! आणि मी म्हटलं पप्पा कडी बसवून देतील, तर भांडी आपटायला लागली!"

आईचा पाय मशीनवरच थांबला. तिनं निकिताकडे बघितलं, आणि अशी हसायला लागली की सुईतला दोरा तुटला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि आतून पप्पा "काय झालं, काय झालं" करत कापूस काढत बाहेर आले.

"अगं खुळे!" आई म्हणाली. "ती बाई तुला तीन-तीनदा चोरीचं आमंत्रण देतेय, आणि तू तिला कडी बसवून देतेस?"

"चोरीचं?"

"मग! चोरून आणलेलं रोप जगतं. मागून आणलेलं नाही. हे माहीत नाही तुला? काय शिकवतात तरी शाळेत! हा आपल्या दारातला कढीपत्ता कुठला? सुलाताईंचा. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा चोरलेला."

"आई!!" निकिताला धक्काच बसला. "आणि सुलाकाकूंना माहितीये?"

"न माहीत असायला काय झालं? त्या तेव्हा खिडकीतच उभ्या होत्या की." आईनं दोरा ओवत सांगितलं. "पाठ करून."

"पण मग हातानं दिलं तर काय बिघडतं?"

"हातानं दिलं की देणाराचा जीव त्यात अडकतो बाई," आई म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

निकिता जागच्या जागी उभी. जीव अडकतो! म्हणजे बादली, ताक, चोथा आणि रोज उपटून मुळं बघणं! तिच्या डोक्यात एकदम लख्ख पडलं, आणि पुढच्या क्षणी ती चपला शोधत होती. "तृप्ती!" तिनं दारातून हाक मारली ती चार घरं ओलांडून पोहोचली. पप्पांनी कापूस परत घातला.

लंकाबाई ओट्यावर खाट टाकून, तोंडावर पदर घेऊन झोपल्या होत्या. दुपारचं ऊन-पावसाचं आभाळ. फाटकाची कडी खरंच मोडलेली, नव्हे, दोरीनं नीट उघडी बांधून ठेवलेली. पोरी पाऊल न वाजवता आत शिरल्या. मोरीमागे कोयता होता, धार लावलेला. निकिता शेवग्यावर दोन हात चढली आणि हाताला लागेल ती फांदी धरली.

खाटेवरून जोरात घोरण्याचा आवाज आला. "घुर्रर्र... ती नको वं... ती किडेल शे..."

निकिताचा हात थांबला. तृप्तीनं तोंडात ओढणी कोंबली.

"वरली... वरली..." लंकाबाई पदराखालून म्हणाल्या. "मनगटनाइतली जाड... हां... घुर्रर्र..."

निकितानं वरची धरली.

"तिरपी काप... सपाट कापशी तं पानी साचस... घुर्रर्र..."

खाट्! फांदी खाली आली. मग दुसरी, मग तिसरी. निकिता खाली उतरली, कोयता होता तिथं ठेवला आणि दोघी फांद्या खांद्यावर घेऊन फाटकाकडे निघाल्या, तेवढ्यात मागून झोपेतच सणसणीत आवाज आला, "वरल्या तोंडले शेन लावजो! आन पानी कमी! तिठे तं तळंच करी ठेवेल शे बायास्नी!"

"हो मावशी!" निकिता सवयीनं ओरडली.

"मी झोपेल शे!!" लंकाबाई गरजल्या.

फांद्या पोरींनी त्याच दुपारी लावल्या, उंचवट्यावर, कापलेल्या टोकाला शेणाचा गोळा थापून. संध्याकाळी लंकाबाई नळावर आल्या आणि कमरेवर हात ठेवून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मना घरमा चोरी झायी! मना शेवगा कापी लई गयात!" आवाजात तक्रार होती, पण चेहरा असा, की मुलगा कलेक्टर झाल्याचे पेढे वाटतायत.

मग सुलाकाकूंनी हळूच विचारलं, "किती फांद्या नेल्या?"

"तीन!"

"हं," सुलाकाकू म्हणाल्या आणि कळशी अर्धीच भरून तरातरा घरी गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून कॉलनीला दुपारची झोप यायला लागली. ज्या बायका दुपारी कधी पाठ टेकायच्या नाहीत, त्यांच्या खिडक्यांतून दोन वाजले की घोरणं ऐकू यायचं. सुलाकाकूंच्या अंगणात कढीपत्त्याची पिल्लं आधीच मुळांसकट सुटी करून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली. लताबाईंच्या कुंपणाच्या भिंतीवर चिंध्यांच्या पुरचुंड्या, एकीत गिलके, एकीत दोडके, एकीत वाल, एकीत अंबाडी, आणि चोराचा घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येकीवर वेगळ्या रंगाचा दोरा. शेजारी चोरासाठी पाण्याचा तांब्या. एके ठिकाणी तर चकल्यासुद्धा होत्या.

"आमच्याकडे काल झाली बाई चोरी," एक सांगायची. "हळदीचे कंद गेले. चांगले बोटभर डोळे आलेले!"

"आमच्याकडे दोनदा झाली," दुसरी म्हणायची, आणि पहिलीचं तोंड उतरायचं.

आणि रानात? रानात कोणी फिरकेना! चोरीचा माल तो. त्याला पाणी घालायला गेलं म्हणजे 'हे माझं' असं कबूल केल्यासारखं, आणि कबूल केलं की मग ते चोरीचं राहतं कुठं? सुलाकाकू एकदा सवयीनं बादली घेऊन आल्या, वाफ्याच्या कडेला थबकल्या, आभाळाकडे बघून "आज पाऊस आहे वाटतं" असं स्वतःशीच म्हणाल्या आणि भरलेली बादली घेऊन परत गेल्या. निकिता आणि तृप्ती मागच्या गल्लीत लपून पोट धरधरून हसल्या.

आणि मग एका सकाळी शाळेत जाता जाता निकितानं बघितलं. शेवग्याच्या फांदीला, शेणाच्या गोळ्याच्या जरा खाली, हिरवा ठिपका. दुसऱ्या दिवशी ठिपक्याचा तुरा झाला. गिलक्याची जोडपानं माती ढकलून वर आली, वाल वाकून वाकून उभे राहिले. दप्तर पाठीवर तसंच ठेवून ती वाफ्यांमधून नाचली आणि शाळेत उशिरा पोहोचली. "हजर!" ती वर्गाबाहेरूनच ओरडली.

पण चुन्याच्या फुल्या अजून होत्या. दर पावसानंतर कोणीतरी त्या पुन्हा ताज्या करत होतं. हिरवं दिसत होतं खरं. पण एवढ्याशा कोंबांना रंगनाथकाका 'जिवंत उभं' म्हणतील का? त्यांनी मनावर घेतलं तर 'सदर कोंब नियमात बसत नाहीत' म्हणायला त्यांना कितीसा वेळ?

त्याच आठवड्यात काका स्वतः निकिताच्या फाटकाशी येऊन उभे राहिले.

"काय गं, कॉलनीत चोऱ्यांचं प्रमाण वाढलंय म्हणतात."

"हो काका."

"कोणाकोणाकडे झाल्या?"

निकितानं बोटांवर मोजत सांगितलं. बोटं संपली, मग तृप्तीची घेतली.

"म्हणजे आमचं घर सोडून सगळीकडे," काका म्हणाले.

"हो काका. तुमचा बंदोबस्त चांगला आहे ना."

काका खाकरले. "आमच्याकडे अंजीर आहे. तुझ्या अक्काकाकूनं लावलेलं. असं अंजीर अख्ख्या सिडकोत नाही."

"माहितीये काका. खूप गोड असतात." निकिता आदरानं म्हणाली. काका आणखी थोडा वेळ उभे राहिले, मग गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांचं फाटक सताड उघडं. त्यानंतर 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी गायब. कुत्रा मुळात नव्हताच, फक्त पाटी होती. मग तर ओट्यावर आरामखुर्ची आली आणि तीत काका, तोंडावर वर्तमानपत्र घेऊन, दुपारभर.

"सापळा आहे," तृप्ती म्हणाली. "आत पाय ठेवला की मुद्देमालासह धरतील. मग झेंडावंदनाला तुझ्याबरोबर मला पण उभं करतील."

निकितालाही तेच वाटलं. ज्या माणसाला शेड पाहिजे तो झाड कशाला देईल? मन घट्ट करून दोघी त्या घरावरून मान खाली घालून जायच्या. वर्तमानपत्राखालून येणारं घोरणं रोज जरा मोठं होत होतं, आणि शेवटी शेवटी त्याला रागाचा सूर लागला होता.

चौदा ऑगस्टची दुपार. दुसऱ्या दिवसासाठी झेंड्याचा खांब उभा केलेला. निकिता एकटीच रानात, शेवग्याच्या बुंध्याशी गवत काढत बसलेली. तेवढ्यात मागच्या गल्लीतून कोणीतरी आलं. डोक्यावरून टॉवेल, चपला हातात, काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. त्या माणसानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि थेट मधल्या चुन्याच्या फुलीवर जाऊन गुडघ्यांवर बसला. खिशातून खुरपं काढलं. खड्डा केला. गोणपाट सोडलं.

अंजिराचं रोप! चांगलं हातभर उंच, पाच-सहा रुंद पानांचं.

निकिता उभी राहिली. त्या माणसानं वर बघितलं. टॉवेल घसरला.

"काका?"

"श्श!" रंगनाथकाका म्हणाले. "हळू बोल! तुझा आवाज अंबडपर्यंत जातो."

"पण काका... हे कुणाचं?"

"चोरीचं आहे."

"कुणाकडून चोरलं?"

"चोर सांगतो का कधी?" काकांनी माती लोटली. मग राहवेना. "अक्का झोपलीय. तिला कळता कामा नये. किती दिवस तिनं ते पिशवीत वाढवून कुंपणापाशी ठेवलं होतं, आणि तुम्ही दिवट्या ढुंकून बघत नाही. काल रात्री जेवताना म्हणाली, सगळ्या कॉलनीच्या घरी चोर येतो, आपल्याच घरी का येत नाही, तुमच्यामुळेच ना? मग काय करणार मी?"

निकितानं काकांच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. गल्लीच्या टोकाला काकांच्या घराची मागची खिडकी दिसत होती. खिडकीत अक्काकाकू उभ्या होत्या. पाठ करून.

आयुष्यात पहिल्यांदाच निकिताला, बोलता येत असूनही, गप्प बसावंसं वाटलं. ती काकांशेजारी बसली आणि माती दाबायला लागली. "पाणी जरा कमीच घाला हं," एवढंच म्हणाली.

पंधरा ऑगस्टला झेंडा वर गेला. राष्ट्रगीत झालं. झेंड्याशेजारी तीन शेवगे डोक्यावर हिरवे तुरे घेऊन उभे, खाली वाल, गिलके, हळद, आणि मधोमध चुन्याच्या फुलीवर अंजीर. नवीन साडीतल्या सगळ्या बायका आपापल्या वस्तूकडे न बघण्याचा जिवापाड प्रयत्न करत होत्या. लंकाबाई तर झेंड्याकडेही बघायला तयार नव्हत्या, कारण तो शेवग्याच्या फार जवळ होता.

रंगनाथकाका पुढे आले. पत्रेवाल्यानं मागून विचारलं, "साहेब, उद्या खड्डे घ्यायचे ना?"

"सदर जागेची पाहणी केली," काका म्हणाले. "मधला खांब जिथं येणार, तिथं एक झाड आढळून आलं आहे. ते कोणाचं हे ज्ञात नाही. चोरीचं असावं. मालक सापडल्याशिवाय चोरीच्या वस्तूला हात लावता येत नाही. सबब, शेड रद्द."

"हाय देवा!" अक्काकाकू मोठ्यांदा म्हणाल्या आणि दोन्ही बाजूंच्या बायकांकडे वळून बघितलं. "आमचं अंजीर! आमच्याकडे पण झाली हो चोरी!"

"झाली एकदाची," लंकाबाई पुटपुटल्या.

टाळ्या, हशा, गोंधळ. काकांनी हात वर केला. "शांतता! चोऱ्यांची दखल घेणं अध्यक्ष या नात्यानं भाग आहे. ज्यांनी चोऱ्या केल्या त्यांनी हजर व्हावं."

मग पहिल्या ओळीतून आवाज आला, असा की शेजारच्या देवळाच्या शिखरावरची कबुतरं उडाली आणि पप्पांचे हात आपोआप कानांकडे गेले.

"हजर!"

"हजर!" तृप्ती ओरडली. मग निकिताच्या आईनं, जुना कढीपत्ता आठवून, लाजत लाजत हात वर केला. सुलाकाकूंनी तिच्याकडे बघितलं, हसल्या आणि स्वतःही हात वर केला, कारण त्यांचा कढीपत्ता तरी कुठून आला होता?

आणि सगळ्यात शेवटी झेंड्याच्या खांबापाशी रंगनाथकाका खाली मान घालून काहीतरी म्हणाले. इतकं हळू, की कोणत्याही बाईंनी त्यांची गैरहजेरीच मांडली असती. पण निकिताला ते बरोबर ऐकू आलं. त्या आवाजाची तिला चांगली ओळख होती.